‘वाळवणीला’ हा शब्द मध्येच घातला तेव्हा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू खरेदी संस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. आम्ही म्हणजे फोंड्यात एका खोलीत बसणारे तिघेजण. संस्थेची तीन खरेदी केंद्रं आहेत, मुख्य केंद्र वाळपईला. फेब्रुवारी संपता संपता हंगाम सुरू होतो आणि मे अखेरपर्यंत शेतकरी पोती घेऊन येत राहतात. बिया तोलायच्या, प्रत ठरवायची, दर लावायचा, पैसे द्यायचे. या सगळ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम जावा या भाषेत लिहिलेला आहे. एका एप्रिलमध्ये आम्ही त्यातल्या एका एनममध्ये, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीत, एक शब्द वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास केंद्रावरचे व्यवहार थांबवावे लागले. चूक आमची होती. ती सविस्तर लिहितोय, कारण नंतर दुसऱ्यांच्या कोडमध्येही तशीच्या तशी चूक मला सापडली आहे.

खेपेचा प्रवास

शेतकऱ्याने एका वेळी आणलेल्या मालाला प्रोग्राममध्ये ‘खेप’ म्हणतात. खेप कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगणारा ‘खेपस्थिती’ नावाचा एनम होता आणि त्यात पाच कॉन्स्टंट (यादीतली नावं) होते: आवक, तोललेली, प्रत ठरलेली, पैसे दिलेली, रद्द. खेप जशी पुढे सरकते त्याच क्रमाने लिहिलेले, म्हणजे कोड वाचणाऱ्याला ओळीनेच प्रवास कळावा.

डेटाबेस पोस्टग्रेस, त्याचा आणि जावा कोडचा मधला दुवा हायबरनेट. खेपेच्या क्लासमध्ये (तिच्या माहितीच्या साच्यात) स्थितीच्या फील्डवर ‘हा एनम आहे’ एवढीच खूण केली होती. एनम कशा रूपात साठवायचा हे सांगितलं नव्हतं. जेपीएच्या, म्हणजे जावातून डेटाबेस वापरण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, नियमाप्रमाणे काही न सांगितल्यास एनमचा ऑर्डिनल साठवला जातो, म्हणजे यादीतला त्याचा क्रमांक, शून्यापासून मोजलेला. आवक ०, तोललेली १, प्रत ठरलेली २, पैसे दिलेली ३, रद्द ४. पहिले दोन हंगाम यात कुणाला काही खटकलं नाही.

त्या एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला. काजूची बी कोरडी असली की मूठभर हातात घेऊन हलवल्यावर खडखड वाजते. ओली असली तर आवाज बसका येतो, आणि तशीच पोत्यात राहिली तर बुरशी धरते. ओला माल परत पाठवायचा म्हणजे शेतकऱ्याचा टेम्पोचा खर्च वाया. म्हणून संस्थेने ठरवलं की ओल्या बिया तोलून घ्यायच्या, केंद्राच्या खळ्यावर आपणच वाळवायच्या आणि मग प्रत ठरवायची. निर्णय चांगला होता. प्रोग्राममध्ये त्यासाठी एक नवी स्थिती हवी होती: ‘वाळवणीला’.

ती मी जिथे शोभते तिथे घातली, ‘तोललेली’ आणि ‘प्रत ठरलेली’ यांच्या मध्ये. माझ्या मशीनवर चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. चाचण्यांचा डेटाबेस दर वेळी रिकामा करून नव्याने भरला जातो, त्यामुळे त्यात जुना आकडा असण्याचा प्रश्नच नव्हता. रात्री साडेदहाला डिप्लॉय केलं, म्हणजे नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला, आणि घरी गेलो.

सकाळी काय दिसलं

पावणेनऊला वाळपईहून फोन आला. केंद्रावरच्या कारकुनाचा आवाज शांत होता, पण मागे गडबड ऐकू येत होती. “भाई, पैसे बाकीच्या यादीत मार्चमधल्या खेपा आल्यात. शिगम्याच्या आधीच्यासुद्धा.” आम्ही तिघांनी एकाच वेळी लॅपटॉप उघडले.

तेवढ्यात दुसऱ्या खिडकीवर एक बाई उभ्या होत्या. वय साठीच्या पुढचं. त्यांच्या बियांची प्रत तीन दिवसांपूर्वी ठरली होती आणि त्या पैसे न्यायला आल्या होत्या. स्क्रीनवर त्यांची खेप ‘वाळवणीला’ दिसत होती. खिडकीवरच्या मुलाने त्यांना चार दिवसांनी यायला सांगितलं. त्यांना ते पटेना. घरी चार उन्हं दाखवून आणलेल्या बिया पुन्हा वाळवायच्या कशाला? त्यांनी पदराच्या गाठीतून पावती काढून काउंटरवर ठेवली. पावतीवर छापलेलं होतं: ‘प्रत ठरलेली’, खाली प्रत आणि तारीख. “म्हाका पयशे मेळूंक नात,” एवढंच त्या म्हणत राहिल्या.

त्या पावतीचा फोटो कारकुनाने मला पाठवला आणि तो बघताच काय झालंय ते कळलं. पावती शब्द छापते. डेटाबेस आकडा ठेवतो. शब्द जागेवर होता, आकड्याचा अर्थ रात्रीत बदलला होता.

‘वाळवणीला’ मध्ये घातल्यामुळे त्याचा क्रमांक २ झाला आणि त्यामागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. ज्या खेपांची प्रत ठरून पैसे बाकी होते त्यांच्यासमोर डेटाबेसात २ लिहिलेलं होतं, त्या आता वाळवणीला गेलेल्या दिसत होत्या. ज्यांचे पैसे देऊन झाले होते त्या ३ आकड्याच्या खेपा ‘प्रत ठरलेली’ म्हणून पुन्हा पैसे बाकीच्या यादीत आल्या, म्हणजे हंगामातली चुकती झालेली प्रत्येक खेप. आणि रद्द केलेल्या ४ आकड्याच्या खेपा ‘पैसे दिलेली’ झाल्या. अहवालात हंगामभर दिलेल्या पैशांची म्हणून जी बेरीज दिसत होती ती खरं तर रद्द खेपांची होती.

यात कुठेही एक्सेप्शन (प्रोग्रामने थांबून सांगितलेली चूक) आलं नाही, लॉगमध्ये एक ओळही तांबडी नव्हती. ० ते ४ हे सगळे आकडे नव्या यादीतही वैध होते, फक्त त्यांचे धनी बदलले होते. प्रोग्राम बंद पडला असता तर आम्ही रात्रीच परत फिरवला असता. बंद पडणारा प्रोग्राम मला तेव्हापासून जास्त विश्वासू वाटतो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही सर्व्हर थांबवला आणि तिन्ही केंद्रांना कागदी वहीवर लिहायला सांगितलं. त्या बाईंना कारकुनाने पावती बघून, सही घेऊन, पैसे दिले.

डेटा सावरताना

पहिला विचार आला तो सरळ होता: २ किंवा त्याहून मोठ्या आकड्यात एक मिळवायचा. आमच्यातल्या सहकारी मुलीने मला थांबवलं. रात्री साडेदहा ते सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत नवा प्रोग्राम चालू होता, आणि केंद्रं आठलाच उघडली होती. त्या तासाभरात ज्या नोंदी झाल्या त्या नव्या क्रमाने झाल्या होत्या. म्हणजे एकाच कॉलममध्ये ३ या आकड्याचे दोन अर्थ होते आणि कुठल्या ओळीत कुठला, हे आकडा बघून सांगता येत नव्हतं.

प्रत्येक ओळीत शेवटच्या बदलाची वेळ होती, म्हणून डिप्लॉयच्या आधीच्या ओळी जुन्या क्रमाच्या हे नक्की होतं. नंतरच्या सगळ्या नव्या क्रमाच्या, असं मी धरून चाललो होतो. तेही पूर्ण खरं नव्हतं. सकाळच्या तासात हात लागलेल्या जुन्या खेपा ११ निघाल्या. त्यांतल्या चार खेपांवर कारकुनाने फक्त शेरा लिहून सेव्ह केलं होतं: ‘ही परत का दिसते?’ शेरा लिहिल्याने बदलाची वेळ नवी झाली, पण स्थितीचा आकडा जसा वाचला तसाच परत लिहिला गेला, जुन्या अर्थाचा. वेळेवरून गाळलं असतं तर या चारही कायमच्या चुकीच्या राहिल्या असत्या. इतर चार खेपांची प्रत दुसऱ्यांदा ठरवली गेली होती, आणि त्यांतल्या एकीची प्रत पहिल्यापेक्षा उतरली होती. उरलेल्या तिघांना रोख पैसे दुसऱ्यांदा मिळाले होते.

या ११ खेपा आम्ही पावत्यांच्या स्थळप्रती समोर ठेवून एकेक तपासल्या. दुपारी उसगावमार्गे वाळपईला जाऊन बसलो. दुसऱ्यांदा गेलेले पैसे दोघांनी संध्याकाळी आपणहून आणून दिले. तिसऱ्या शेतकऱ्याच्या पुढच्या खेपेतून ते वळते केले, त्याच्याशी बोलून.

बाकी ओळींसाठी जुना कॉलम आम्ही हलवलाच नाही. आधी बॅकअप घेतला, मग शेजारी मजकुराचा नवा कॉलम केला आणि जुन्या आकड्यावरून त्यात संक्षिप्त कोड भरला. जागच्या जागी आकडे बदलत बसलं आणि एकेक मूल्य वेगळ्या आदेशाने बदललं, तर क्रमही सांभाळावा लागतो. २ चे ३ आधी केले की ते मूळच्या ३ मध्ये मिसळतात आणि पुढचा आदेश दोघांनाही ४ करून टाकतो. सुरुवात मोठ्या आकड्याकडून करावी लागते. नवा कॉलम केला की ही भीतीच उरत नाही, आणि काही चुकलं तर मूळ आकडा शेजारीच असतो.

चुकीचं मूळ

मी शिकलो सी भाषेवर. सीमध्ये एनम म्हणजे पूर्णांकांना दिलेली नावं, कॉन्स्टंटचा प्रकारच इंट असतो. जावाच्या सुरुवातीच्या काळातही एनम नव्हताच. लोक स्टॅटिक फायनल इंट (न बदलणारे सामाईक पूर्णांक) लिहायचे, आणि एखाद्या मेथडला खेपेच्या स्थितीऐवजी प्रतीचा आकडा दिला तरी कंपाइलर हूं की चूं करत नसे. २००४ साली जावा ५ सोबत एनम आला तो वेगळ्या धाटणीचा. इथे प्रत्येक कॉन्स्टंट हा त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट असतो. क्लास सुरू होताना ते तयार होतात आणि नंतर कुणाला नवा बनवता येत नाही, कारण कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा भाग) बाहेरून हाकच मारता येणार नाही असा असतो. म्हणून दोन एनमची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने निर्धास्त करता येते. त्याला स्वतःची फील्ड आणि मेथड असू शकतात, तो इंटरफेस पाळू शकतो. दुसऱ्या क्लासचा वारस मात्र होऊ शकत नाही, त्याचा पिता आधीच ठरलेला आहे.

हे सगळं मला माहीत होतं, मुलाखतीत विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण डेटाबेसशी गाठ पडली तेव्हा हात सीच्या सवयीने चालले. ऑर्डिनल ही त्या ऑब्जेक्टची ओळख नाही, तो सोर्स फाइलमध्ये कितव्या ओळीला उभा आहे एवढंच ती सांगते. जावा स्वतःच्या सिरियलायझेशनमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट साठवायला किंवा पाठवायला, एनम बाहेर लिहिते तेव्हा नाव लिहिते, क्रमांक लिहीत नाही. ज्यांनी भाषा घडवली त्यांनी हा धोका ओळखला होता.

त्याच दिवशी कोडमध्ये शोधताना आणखी एक जागा सापडली. ‘खेप प्रत ठरण्याच्या पुढे गेली आहे का’ हे आम्ही कम्पेअर-टू या मेथडने (दोघांत आधीचा कोण हे ती सांगते) विचारत होतो, आणि एनमची ती तुलना ऑर्डिनलवरच चालते. ‘रद्द’ यादीत शेवटी असल्यामुळे रद्द खेप पैसे दिलेल्या खेपेच्याही पुढची ठरत होती. रद्द हा टप्पा पैशांच्या पुढचा नव्हेच, तो बाजूला फुटणारा रस्ता आहे. एका ओळीत मांडलेल्या नावांना आम्ही एका ओळीचा प्रवास समजत होतो.

नंतर काय केलं

प्रत्येक कॉन्स्टंटला एक छोटा कोड दिला, कन्स्ट्रक्टरमधून: ‘आव’, ‘तोल’, ‘वाळ’, ‘प्रत’, ‘दिले’, ‘रद्द’. डेटाबेसात जातो तो हा कोड, आणि ने-आण करायला एक कन्व्हर्टर क्लास लिहिला. हायबरनेटला ‘नाव साठव’ असं सांगणं सोपं होतं, एका शब्दाचं काम. लहान प्रोग्रामसाठी मी तेच सुचवीन. आमच्याकडे मात्र कॉन्स्टंटची नावं बदलली जातात. कुणीतरी ‘तोललेली’चं ‘वजन झालेली’ करतं, एडिटर सगळीकडे बदलून देतो, आणि डेटाबेसात जुनं नाव राहतं. मग वाचताना एक्सेप्शन येतं. ते ऑर्डिनलच्या मूक चुकीपेक्षा पुष्कळ बरं, पण हंगामाच्या ऐन गर्दीत नको.

कोडवरून कॉन्स्टंट शोधायला एक मॅप (कोड आणि कॉन्स्टंट यांच्या जोड्यांची यादी) लागतो. तो कन्स्ट्रक्टरमध्येच भरायला गेलो तर कंपाइलरने अडवलं. कॉन्स्टंट आधी जन्मतात, स्टॅटिक फील्ड नंतर, म्हणून एनमच्या कन्स्ट्रक्टरला स्वतःच्या स्टॅटिक मॅपला हात लावायची मुभा नाही. स्टॅटिक ब्लॉकमध्ये सगळे कॉन्स्टंट फिरून तो भरला. अनोळखी कोड आला तर नल (रिकामं मूल्य) द्यायचा नाही आणि ‘आवक’ धरून चालायचंही नाही, सरळ एक्सेप्शन, त्या कोडसकट. यावर आमच्यात बराच वाद झाला. तिसऱ्या सहकाऱ्याला वाटत होतं की एका खराब ओळीसाठी अख्खी यादी उघडू नये हे जाचक आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण पैशांच्या यादीत अंदाज नको, इथे मी ठाम राहिलो.

पुढे कुठल्या स्थितीत जाता येतं हेही एनमलाच विचारायचं ठरवलं. ‘तोललेली’ म्हणते: वाळवणीला, प्रत ठरलेली किंवा रद्द. ‘पैसे दिलेली’ रिकामा संच परत करते. आधी हे संच कन्स्ट्रक्टरलाच द्यावेत असं वाटलं होतं, पण पहिला कॉन्स्टंट तयार होताना दुसरा अजून अस्तित्वातच नसतो, त्यामुळे पुढच्या नावाचा उल्लेख कंपाइलर चालवून घेत नाही. म्हणून मेथड लिहिली आणि तिच्यात स्विच, म्हणजे प्रत्येक स्थितीसाठी वेगळी फांदी. आम्ही जावा १७ वर होतो. जावा १४ मध्ये पक्क्या झालेल्या स्विच एक्स्प्रेशनचा मोठा गुण असा की एनमचा एखादा कॉन्स्टंट सुटला आणि डिफॉल्ट लिहिलेलं नसलं, तर कंपाइलच होत नाही. जुनं स्विच स्टेटमेंट असं काही बजावत नसे. आमच्या कोडमध्ये स्थितीवरचे सात स्विच होते. ‘वाळवणीला’ आल्यावर त्यांतल्या तिघांत तिच्यासाठी फांदीच नव्हती, आणि एकात डिफॉल्ट तिला ‘पैसे बाकी’ समजत होता. सातही बदलून घेतले आणि डिफॉल्ट मुद्दाम काढून टाकले.

या निमित्ताने सहकारी मुलीने दुसरा एनम उघडला, ‘प्रत’. त्यात तीन प्रती होत्या आणि प्रत्येकीला दराचं फील्ड. दर रोज बदलतो म्हणून आम्ही त्याला सेटरही (मूल्य बदलणारी मेथड) दिला होता. तिने विचारलं, “वाळपईने सकाळी दर बदलला तर डिचोलीच्या पावतीवर कुठला छापतो?” करून बघितलं. डिचोलीच्या पावतीवर वाळपईचा दर. एकाच सर्व्हरवर तिन्ही केंद्रं चालतात आणि पहिल्या प्रतीचा ऑब्जेक्ट त्या प्रोग्राममध्ये एकच असतो, सगळ्यांचा मिळून. तोवर तिन्ही केंद्रांचे दर एकच असत म्हणून हे लपून राहिलं होतं. त्या हंगामात वाहतुकीमुळे ते वेगळे करायचं घाटत होतं, आणखी आठवडाभरात हेच प्रकरण दुसऱ्या तोंडाने उघडलं असतं.

सेटर काढला, एनममधली सगळी फील्ड फायनल, म्हणजे न बदलणारी, केली. दर टेबलमध्ये गेला, तारीख, केंद्र आणि प्रत यांच्या जोडीने. दिवसाचा दर मेमरीत ठेवायला प्रत्येक केंद्राचा एक एनम-मॅप आहे. तो आतून साधा अ‍ॅरे असतो आणि जागा शोधायला ऑर्डिनलच वापरतो. तिथे तो शोभतो, कारण प्रोग्राम बंद झाला की तो क्रमांकही संपतो, कुठे लिहून ठेवलेला राहत नाही.

केंद्रांचाही एनम करावा अशी सूचना आली होती. ती घेतली नाही. चौथं केंद्र उघडायचा निर्णय संस्थेच्या बैठकीत होतो, त्यासाठी फोंड्यातून कुणी कोड बदलून द्यावा लागणं बरोबर नाही. स्थिती वाढली तर मात्र कोडला विचार करावाच लागतो: ती कुठून येते, कुठे जाते, पैशांच्या यादीत धरायची का.

पुढच्या हंगामात ‘परत नेलेली’ ही स्थिती आली. शेतकऱ्याला प्रत पटली नाही आणि त्याने माल परत नेला, तर. ती मी मुद्दाम यादीच्या मध्ये लिहिली. कंपाइलर सातही स्विचवर अडला. दोन ठिकाणी तिला रद्दसारखं वागवायचं की नाही हे आम्हाला ठरवता येईना, तेव्हा वाळपईला फोन करून कारकुनालाच विचारलं. तो म्हणाला, वजनाच्या अहवालात धरा, पैशांच्या नको. त्याप्रमाणे केलं. या वेळी चाचणी खऱ्या डेटाच्या प्रतीवर चालवली, आणि एक चाचणी अशी वाढवली की जिच्यात सगळे कोड हाताने लिहून ठेवलेत. कुणी कोड बदलला की ती पडते.

जुना आकड्यांचा कॉलम अजून टेबलमध्ये आहे, ‘जुनी स्थिती’ या नावाने. त्या वर्षाचं लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत तो काढायचा नाही असं संस्थेशी ठरलंय.